हद्दवाढीची अधिसूचना निघाली तर हरकत कशी नोंदवावी?

कोल्हापुरात हद्दवाढीचा विषय निघाला की उचगाव, पाचगाव, कळंब्यात ग्रामसभा भरतात, शहरात कृती समित्या बैठका घेतात. महापालिका 1972 साली झाली आणि पुढची कित्येक दशकं हद्द हलली नाही, त्यामुळे दोन्हीकडे भावना तीव्र आहेत. मोर्चाला जरूर जा. पण तुमच्या जमिनीच्या गटाचं काय होणार, हे कागदावर ठरतं.

म्हणून आधी तुमच्या जमिनीचं नियोजन कोणाकडे आहे ते शोधा. शहराच्या हद्दीत ते महापालिकेच्या नगररचना विभागाकडे असतं. 2017 साली भोवतालच्या 42 गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झालं, तिथला अर्ज प्राधिकरणाकडे जातो. ताजा सातबारा जोडून झोन दाखला (जमीन कोणत्या वापरासाठी ठेवलीय याचा दाखला) आणि भाग नकाशा (नियोजनाच्या नकाशातला तुमच्या जमिनीपुरता उतारा) मागा. 'पिवळ्या पट्ट्यात', म्हणजे रहिवासी भागात, 'आहे' या एजंटच्या तोंडी शब्दावर व्यवहार करू नका. नकाशात रंगाबरोबर आरक्षण (सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेली जागा) आणि प्रस्तावित रस्ताही बघा. पंचगंगेच्या बाजूला जमीन असेल तर निळी आणि लाल पूररेषा तपासल्याशिवाय पुढं जाऊच नका. 2019 आणि 2021 चा महापूर आपण पाहिलाय.

हद्द बदलण्याचा अधिकार राज्य सरकारचा, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949 च्या कलम 3 प्रमाणे. महापालिकेचा ठराव म्हणजे फक्त मागणी. ग्रामसभेचा विरोधी ठरावही फाइलला लागतो, पण तेवढ्यानं प्रक्रिया थांबत नाही. आधी राजपत्रात प्रारूप (कच्ची) अधिसूचना निघते, हरकती मागवल्या जातात, अंतिम अधिसूचना त्यानंतर. मुदत आणि अर्ज कोणाकडे द्यायचा, हे प्रारूपातच छापलेलं असतं.

हरकतीत अधिसूचनेचा क्रमांक, तारीख आणि तुमचा गट नंबर लिहा. 'हद्दवाढ नको' एवढं एकच वाक्य माझ्या मते वाया जातं. गावात शेतीखाली किती क्षेत्र आहे, पाणी कोणत्या योजनेतून येतं, गायरान किती, हे पुराव्यानिशी मांडा. बाजूनं असाल तरी सूचना द्या: रस्ते, ड्रेनेज कधीपर्यंत हवं ते स्पष्ट लिहा. अर्ज हातोहात द्या आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय परतू नका. सुनावणीला ती लागते.

गाव शहरात गेलं म्हणून शेतजमीन लगेच रहिवासी होत नाही, हा गैरसमज फार महागात पडतो. वाढीव क्षेत्रासाठी महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 34 खाली विकास योजना, म्हणजे कोणती जमीन कशासाठी वापरायची याचा आराखडा, करावी लागते. घरफाळाही एकदम शहराच्या दरानं बसत नाही, टप्प्याटप्प्यानं वाढतो.

प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाली की कलम 26 प्रमाणे पुन्हा हरकती घेतात आणि नियोजन समिती सुनावणी ठेवते. पहिली हरकत इथं चालत नाही, नवा अर्ज द्यावा लागतो. तुमच्या गटावर आरक्षण दिसलं तर भाग नकाशावर तो भाग खुणावून जोडा आणि सुनावणीला मूळ कागद घेऊन स्वतः हजर राहा.