युकुलेलेच्या वर्गाला येण्याआधी

विश्रामबागेतल्या आमच्या रविवारच्या गटात या महिन्यात नवीन माणसं येणार आहेत आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच आहे, येताना काय काय आणू? वस्तू थोड्याच लागतात. घरून करून यायचं काम मात्र एक आहे, ते म्हणजे युकुलेले, म्हणजे गिटारसारखं हे छोटं चार तारांचं वाद्य, सुरात लावून आणणं. वीस जण सतरंजीवर गोल करून बसतात तेव्हा एकाची एक तार जरी उतरलेली असली तरी शेजारच्याला आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटतं, तो आपली खुंटी पिळतो, आणि पाच मिनिटांत अर्धा गोल बेसूर होतो.

वाद्य अजून घेतलं नसेल तर आधी त्याचं बघू. लहान मुलांना सोप्रानो चांगलं, साधारण २१ इंचांचं. मोठ्या माणसांनी २३ इंचांचं कॉन्सर्ट घ्यावं असं मी सांगते, कारण पडद्यांमध्ये, म्हणजे दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांमध्ये, बोटांना जरा जागा मिळते. बोटं लांब असतील तर २६ इंचांचं टेनर. बॅरिटोन मात्र घेऊ नका. त्याच्या तारा वेगळ्या सुरांत लावतात, गटात जमणार नाही. दुकानात बाराव्या पडद्यावर बोट दाबून तार छेडा, मग तीच मोकळी छेडा. बरोबर एका सप्तकाचं अंतर ऐकू आलं पाहिजे. चारही तारांवर हे करा, दुकानदार कंटाळला तरी करा. खुंट्यांना मागे दातेरी चाक असलेलंच घ्या. नुसत्या घर्षणावर थांबणाऱ्या स्वस्त प्लॅस्टिकच्या खुंट्या सरकतात आणि सूर टिकत नाही.

आता सूर. गाणं शिकलेल्यांना हे फार सोपं जाईल. ट्यूनरवर, म्हणजे सूर दाखवणाऱ्या छोट्या यंत्रावर, जी, सी, ई, ए अशी अक्षरं दिसतात. पांढरी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीचा, सा धरला तर या चार तारा म्हणजे प, सा, ग, ध. घरात पेटी असेल तर मधल्या सप्तकातली पांढरी एक दाबून ठेवा आणि तिसरी तार तिच्याशी जुळवा, मग बाकीच्या. एक गोष्ट नीट लक्षात घ्या. चौथी तार, म्हणजे वाद्य धरल्यावर हनुवटीकडे येते ती, खर्जातली नाही. तिचा प तिसऱ्या तारेच्या सा च्या वरचा आहे. गिटार वाजवलेली माणसं इथे हमखास गोंधळतात. साधा ट्यूनर फक्त अक्षर दाखवतो, सप्तक दाखवत नाही, त्यामुळे चुकीच्या सप्तकाच्या मागे लागून तार तोडलेली मी दोनदा पाहिली आहे.

ट्यूनर वाद्याच्या डोक्याला चिमट्याने लावायचा घ्या. फोनवरचं ॲप घरी ठीक आहे, पण गटात त्याचा माइक सगळ्यांचे आवाज एकदम ऐकतो. चिमट्याचा ट्यूनर लाकडाची थरथर पकडतो, म्हणून गोंगाटातही तुमचीच तार दाखवतो. त्यात ए हा सूर ४४० हर्ट्झवर आहे ना, तेही बघून घ्या.

तार लावताना सूर नेहमी खालून वर चढवत आणा. वर गेला तर पूर्ण खाली उतरवा आणि पुन्हा चढवत या. हे मला मिरजेत एका तंबोरे करणाऱ्या चाचांनी दाखवलं. माझ्या युकुलेलेची घोडी, म्हणजे खालच्या बाजूला तारा अडकवतात ती पट्टी, सुटली होती, ती चिकटवून घ्यायला सतारमेकर गल्लीत गेले होते. त्यांनी वाद्य उलटं करून पाठीला कान लावला, एका बोटाने तार छेडत दुसऱ्या हाताने खुंटी केसभर फिरवली, थांबले, परत छेडली. ट्यूनरकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मी नंतर लावून पाहिला तर काटा मधोमध होता.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ही कला १९व्या शतकात शिकलगारांनी उभी केली, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या घरांनी. युकुलेलेची गोष्ट ऐकली तेव्हा मला हीच आठवली. १८७९ च्या ऑगस्टमध्ये पोर्तुगालच्या मदेरा बेटावरची माणसं रेवन्सक्रॅग नावाच्या जहाजातून होनोलुलूला मजुरीसाठी उतरली. त्यांच्याकडे माशेत नावाचं छोटं चार तारांचं वाद्य होतं. त्यांच्यातल्या मॅन्युएल नूनिश आणि आणखी दोघा सुतारांनी तिथे वाद्यं करायला घेतली आणि हवाईच्या लोकांनी ते वाद्य आपलंसं केलं. वाद्य घडवणारे हात आधी दुसरंच काही घडवत होते, हे दोन्हीकडे सारखं. नवीन येणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगते, कारण ‘आम्ही काही गाण्याबजावण्याच्या घरातले नाही’ हे वाक्य दर महिन्याला कानावर येतं.

नव्या तारा घालायच्या असतील तर निदान आठवडाभर आधी घाला. नायलॉनची तार नवी असताना सारखी ढिली पडते. मागच्या दिवाळीनंतर मी शनिवारी रात्री तारा बदलल्या आणि रविवारी दर पाच मिनिटांनी सगळ्यांना थांबवावं लागलं. त्या दिवशी आलेल्या एका आजोबांचं पहिलंच गाणं माझ्यामुळे अर्धं राहिलं, याची मला अजून रुखरुख आहे. तारा घातल्यावर बोटाने हलकेच ओढून घ्या, परत लावा, असं रोज करा.

डाव्या हाताची नखं कापून या, अगदी मांसालगत. उजव्या तर्जनीचं थोडं राहू द्या, छेडायला बरं पडतं. काचेच्या बांगड्या उजव्या हातात असतील तर त्या लाकडावर वाजतात. काढा असं मी म्हणणार नाही, वर सरकवून त्यांच्यावर बाही ओढली की काम होतं. हॉलमधल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांना हात आहेत, कोपर अडतं, म्हणून आम्ही खाली बसतो. गुडघे दुखत असतील तर घरून बिनहाताचं स्टूल आणा.

पहिल्या रविवारी तीन कॉर्ड, म्हणजे एकदम छेडायचे सुरांचे जुळे, लागतील. सी साठी पहिल्या तारेवर तिसऱ्या पडद्यापाशी अनामिका. ए मायनरसाठी चौथ्या तारेवर दुसऱ्या पडद्यापाशी मधलं बोट. ते तिथेच ठेवून दुसऱ्या तारेवर पहिल्या पडद्यापाशी तर्जनी टेकवली की एफ. या शेवटच्या बदलात ग चा म होतो, आणि एवढ्याशा फरकाने सगळा रंग पालटतो. हाच बदल घरी रोज दहा मिनिटं करा, मिनिटाला साठ ठोक्यांच्या लयीत. बोटांची टोकं चार-पाच दिवस दुखतील. भजनात टाळ धरलेला असेल तर उजव्या हाताची काळजीच नको, केरव्याच्या आठ मात्रा तुमच्या अंगात आहेतच.

एप्रिल-मेमध्ये वाद्य गाडीच्या डिकीत ठेवू नका. उन्हाने सरस सुटतो, माझी घोडी तशीच सुटली होती. पावसाळ्यात पिशवीत सिलिका जेलची पुडी टाका.

तोंडपाठ असलेलं एक गाणं मोठ्या अक्षरात लिहून आणा, दोन ओळींत भरपूर जागा सोडून. कॉर्डचं नाव शब्दाच्या सुरुवातीला लिहायचं नसतं, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, ज्या अक्षरावर पडते त्याच्या डोक्यावर लिहायचं, आणि ते अक्षर गाऊनच सापडतं. म्हणून पेन्सिल आणा, खोडरबरही. वर्ग साडेनऊला आहे, सव्वानऊला या, तारा एकत्र जुळवू.