गाण्याच्या लेखाचा रिव्ह्यू घेताय? आधी ‘प्लॅटिनम’ तपासा

इंग्रजी विकिपीडियावर ‘गुड आर्टिकल’च्या (निकषांवर तपासून लेखाला मिळणारा दर्जा) रांगेत स्पॅनिश पॉप गाण्यांचे लेख नेहमी दिसतात आणि नवे रिव्ह्यूअर तेच हमखास उचलतात. लेख आटोपशीर, गाणं ओळखीचं, संध्याकाळपर्यंत उरकेल असं वाटतं. नाही उरकत. सहा निकष तुम्ही वाचले असतीलच. भाषा आणि रचनेवर नजर हळूहळू बसते. लेखात जोडलेल्या ऑडिओ नमुन्याचं तर सोपंच आहे. गाण्याच्या लांबीच्या १० टक्के किंवा ३० सेकंद, यांत जे कमी तेवढाच तुकडा. पावणेचार मिनिटांच्या गाण्याला साडेबावीस सेकंद, विषय संपला.

माती होते ती सर्टिफिकेशनच्या तक्त्यात. मीही तिथेच आपटले, म्हणून जरा लांबण लावते.

अमेरिकेतली रेकॉर्ड कंपन्यांची संघटना, आरआयएए, दोन वेगळ्या फूटपट्ट्या वापरते. नेहमीच्या कार्यक्रमात गोल्ड म्हणजे ५ लाख युनिट आणि प्लॅटिनम म्हणजे १० लाख. लॅटिन कार्यक्रमात गोल्ड ३० हजारांवर मिळतं, प्लॅटिनम ६० हजारांवर. म्हणजे ‘पाच वेळा प्लॅटिनम’ हे ५० लाखही असू शकतं आणि ३ लाखही. गंमत अशी की गाणं स्पॅनिश आहे म्हणून ते लॅटिन कार्यक्रमातच असेल असंही नाही, दोन्हीकडे जाता येतं. वर्तमानपत्रं नुसतं ‘प्लॅटिनम’ छापून मोकळी होतात. मी संदर्भ उघडला, ‘पाच वेळा’ जुळलं, टिक केलं. वाक्यात मात्र ५० लाख लिहिलं होतं. तेव्हा बातमीवर थांबू नका. आरआयएएच्या डेटाबेसमधली मूळ नोंद उघडा आणि तिथे लॅटिन लिहिलंय का ते बघा. तक्त्यातला आकडा स्वतः गुणून काढा. दुप्पट लॅटिन प्लॅटिनमसमोर १,२०,००० च हवेत. आणि ‘इतक्या प्रती खपल्या’ हे वाक्य दिसलं की थेट कापायला सांगा, कारण युनिटमध्ये स्ट्रीमिंगही धरलेलं असतं. नॉमिनेटर, म्हणजे लेख रांगेत लावणारा, वाद घालेल. घालू द्या.

चार्टमध्येही असाच घोळ आहे, पण थोडक्यात सांगते. बिलबोर्ड या अमेरिकी संगीत नियतकालिकाचा ‘हॉट लॅटिन साँग्ज’ ऑक्टोबर २०१२ पर्यंत फक्त रेडिओवर गाणं किती वाजलं त्यावरून ठरायचा. त्यानंतर विक्री आणि स्ट्रीमिंग आलं, सगळ्या प्रकारची रेडिओ स्टेशनं मोजली जाऊ लागली. शकीराचं ‘ला तोर्तुरा’ २००५ मध्ये २५ आठवडे पहिलं होतं, पुढे एनरिके इग्लेसियासचं ‘बायलांदो’ ४१ आणि ‘देस्पासितो’ ५६. तिन्ही आकडे खरे, पण एका दमात ‘विक्रम मोडला’ म्हणायचं तर मधे नियम बदलल्याचं निदान एक वाक्य हवं. ‘देस्पासितो’त आणखी एक मेख आहे. मूळ गाणं जानेवारी २०१७ चं, लुईस फोन्सी आणि डॅडी यँकी यांचं. जस्टिन बीबरचा रीमिक्स एप्रिलमध्ये आला आणि बिलबोर्डच्या मुख्य ‘हॉट १००’ चार्टवर पहिल्या क्रमांकाचे जे १६ आठवडे आहेत, ते रीमिक्सनंतरचे आहेत. कोणतं यश कोणत्या आवृत्तीचं, हे लेखात स्पष्ट नसेल तर पास करू नका.

स्पॅनिश येत नाही म्हणून मात्र मागे हटू नका. मलाही कामापुरतीच येते. शंका आली तर नॉमिनेटरला मूळ उतारा लेखाच्या टॉक पेजवर (चर्चेच्या पानावर) मागा, तो द्यायला कुणाची हरकत नसते. हरकत असेल तर तेवढ्यावरूनच बरंच कळतं. कॉपी पकडणारं टूल हिरवं दिसलं तरी निश्चिंत होऊ नका. स्पॅनिश मुलाखत मशीनने इंग्रजीत आणून जशीच्या तशी चिकटवली असेल, तर ते टूल पकडणार काय, डोंबल? निवडक संदर्भ स्वतः उघडून वाचण्याला पर्याय नाही.

‘मी तुझा लेख रिव्ह्यूला घेतो, तू माझा घे’ म्हणणाऱ्यांपासून चार हात लांब राहा. माझं तर स्पष्ट मत आहे की मेंटॉर शोधत बसण्यापेक्षा फेल झालेले जुने रिव्ह्यू वाचावेत. मेंटॉर पाठ थोपटतो, फेल रिव्ह्यूमध्ये कुणीतरी मुद्दा धरून भांडलेलं असतं.

फेल करायला घाबरू नका. आधी होल्डवर ठेवा, साधारण आठवडाभर वाट बघा. दुरुस्त्या चालू असतील तर आणखी थांबायला काय जातं? नॉमिनेटर गायबच झाला तर कारणं नीट लिहून फेल करा. लेख कुठे जात नाही, दुरुस्त करून पुन्हा रांगेत लावता येतो.

पहिला लेख नव्वदच्या दशकातल्या गाण्याचा घ्या, असं मी सांगेन. स्ट्रीमिंगच्या आधीचा काळ असल्यामुळे आवृत्त्यांची भानगड कमी, आणि बिलबोर्डचे जुने अंक गूगल बुक्सवर अख्खे स्कॅन केलेले आहेत. पान क्रमांक टाकला की त्या आठवड्याचा चार्ट समोर येतो.