पोकलेन बोलवण्याआधीची तयारी

वर्क ऑर्डर हातात पडली की पोकलेन बोलवायची घाई होते. पण बांधकामात पुढे मापांवरून, पैशांवरून वाद नको असतील, तर त्याआधी एक दिवस मोकळा ठेवा. मालक, ठेकेदार, आर्किटेक्ट आणि आरसीसी कन्सल्टंट (सांगाड्याचं डिझाइन करणारा इंजिनीअर) या चौघांना प्लॉटवरच बोलवा, हॉटेलात नको. सोबत ऑटो लेव्हल (जमिनीची उंची मोजायचं यंत्र), बीओक्यूची (कामांच्या परिमाण-दरांच्या यादीची) छापील प्रत आणि पानांवर नंबर घातलेली एक बांधीव वही असू द्या.

सगळ्यात आधी जमिनीचं ठरवा. आपल्या नाशकात वर काळी माती, मग मुरूम, मांजऱ्या (मऊ खडक) आणि खाली काळा पाषाण लागतो, आणि प्रत्येकाच्या खोदाईचा दर वेगळा. पाथर्डी फाट्याकडच्या एका कामावर आम्ही, म्हणजे ठेकेदाराने, सुरुवातीच्या लेव्हल एकट्यानेच घेतल्या. ब्रेकर लावून पाषाण फोडला, वर लगेच पीसीसी (पायाखालचं साधं काँक्रीट) टाकलं. बिलाच्या वेळी मालकाचे इंजिनीअर म्हणाले, "हा तर मांजऱ्याच होता." पीसीसीखालचा खडक दाखवणार कसा? बिल आठ महिने अडकलं. त्याहून वाईट म्हणजे पुढे आमच्या प्रत्येक मापावर संशय घेतला गेला. म्हणून मूळ जमिनीच्या लेव्हल मालक आणि ठेकेदार दोघांनी मिळून घ्या. बेंचमार्क, म्हणजे उंची मोजायची पक्की खूण, हलणार नाही अशा प्लिंथवर (जोत्यावर) रंगवा. थर बदलला की मशीन थांबवा, त्याच दिवशी जॉइंट माप घेऊन सह्या करा, आणि त्या थरातला एकेक दगड तारीख घालून साइट ऑफिसात ठेवा.

बांधीव वही अडथळ्यांसाठी. ड्रॉइंग कधी मागितलं, कधी मिळालं, पावसाने काम किती दिवस बंद राहिलं, ते रोजच्या रोज लिहा. सिंहस्थ २०२७ च्या कामांवर सेंटरिंगवाले (स्लॅबचे साचे लावणारे) आणि डंपर ओढले जातील, हे धरूनच मुदत ठरवा. नंतर उशिराच्या दंडावरून वाजण्यापेक्षा आज दोन महिने जास्त मागितलेले बरे.

एक्स्ट्रा आयटमला, म्हणजे करारात नसलेल्या कामाला, किती रकमेपर्यंत कोण होकार देणार, ते नावानिशी ठरवा. फोनवर कुणी "करून टाका" म्हणालं तर त्याच संध्याकाळी ईमेल गेलाच पाहिजे. स्लॅबच्या क्यूबवर (काँक्रीटची ताकद तपासायच्या ठोकळ्यांवर) तारीख घालताना दोन्हीकडची माणसं हजर हवीत, म्हणजे २८ दिवसांनी रिपोर्ट कमी आला तर क्यूब कुणाचे यावरून तरी भांडण होत नाही.

पैशांच्या बाबतीत माझा एकच आग्रह आहे: आरए बिलातला (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने निघणाऱ्या बिलातला) वादाचा आयटम बाजूला काढा आणि बाकीचे पैसे ठरल्या दिवशी सोडा. एका आयटमपायी अख्खं बिल रोखलं तर मजुरांचा आठवड्याचा पगार थांबतो, आणि तिथून बोलणंच बंद होतं. अंबड-सातपूरच्या नोंदणीकृत लघुउद्योगाकडून खिडक्या करून घेणार असाल, तर सूक्ष्म-लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे कराराने उधारी ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही, हेही मालकाला आधीच सांगा.

शेवटी करारातलं वादाचं कलम सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा. आधी साइटवरचे दोघे इंजिनीअर, मग आठवड्याच्या आत मालक आणि ठेकेदार स्वतः, मग लवाद (कोर्टाऐवजी निवाडा देणारा त्रयस्थ), असा क्रम आणि मुदती लिहा. लवादाची जागा नाशिक लिहा. जुन्या करारातून उचललेल्या मसुद्यात मालकाच्याच नोकरीतला अधिकारी लवाद असतो. लवाद कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर, वाद उभा राहिल्यावर दोघांनी लेखी मान्य केल्याशिवाय, तसं चालत नाही. ते कलम तिथेच खोडा, बाजूला सगळ्यांच्या सह्या घ्या, आणि मग पोकलेनवाल्याला फोन लावा.