झाकलेला डक्ट आणि न लावलेला हूक: साइटवर नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

अपघाताच्या रिपोर्टमध्ये 'कामगाराचे दुर्लक्ष' एवढंच लिहून मोकळं व्हायची साइटवर सवय आहे. दुर्लक्ष होतंच, दिवसभर कुणाचंही लक्ष एकसारखं राहत नाही. ते कुठे आणि कधी सुटणार हे आधी हेरणं, हे पुण्याजवळ वाघोली किंवा रावेतच्या साइटवर रुजू होणाऱ्या ज्युनिअर इंजिनिअरचं पहिलं काम.

सगळ्यात फसवी जागा म्हणजे स्लॅबमधला डक्ट, म्हणजे पाइपांसाठी सोडलेला खड्डा, आणि त्यावर नुसता टाकलेला प्लाय. शटरिंगचा माल गोळा करणारा बिगारी तो दोन्ही हातांनी उचलतो, समोर उभा धरतो आणि एक पाऊल पुढे टाकतो. प्लायमुळे पायाखालचं दिसत नाही. पाऊल थेट डक्टमध्ये. हा प्लाय म्हणजे झाकण आहे, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून प्लाय काँक्रीटला खिळ्यांनी ठोका, लाल रंग द्या आणि 'नीचे गड्ढा है' असं हिंदीत लिहा. गँगमधल्या बऱ्याच जणांना मराठी वाचता येत नाही. त्याहून चांगलं म्हणजे डक्टमधून सळया सलग न्यायच्या आणि पाइप टाकतानाच कापायच्या.

हार्नेस, म्हणजे उंचीवरचा सुरक्षा पट्टा, अंगात असतो, हूक मात्र लोंबकळत. परांचीवर दर दोन पावलांना हूक काढून लावायचा माणसाला कंटाळा येतो. दोन दोऱ्यांचा हार्नेस द्या, एक काढण्याआधी दुसरी अडकवता येते. हूक खांद्याच्या वरच हवा. तो पायाशी अडकवला, तर १.८ मीटरची दोरी ताणली जाईपर्यंत पाय सव्वातीन मीटरच्या आसपास खाली गेलेले असतात. तीन मीटरच्या मजल्यावर माणूस त्याआधीच खालच्या स्लॅबवर आदळतो.

वेळेचंही तसंच. जेवणानंतरचा तास सांभाळाच, पण खरी काळजी रात्रीच्या स्लॅब भरणीची. आरएमसीच्या, म्हणजे तयार काँक्रीटच्या गाड्या ट्रॅफिकमध्ये अडकल्या की काम लांबतं. सकाळी आठला आलेला माणूस रात्री दहाला ओलं काँक्रीट सपाट करायला पाटा मारत मागे मागे सरकत असतो, पाठ कडेकडे. रेलिंग भरणीच्या आधीच लागलेलं हवं: मीटरभर उंच, मध्ये एक आडवा पाइप.

येरवड्यात फेब्रुवारी २०२२ मध्ये रात्री सळयांची जाळी कोसळून ५ कामगार गेले. अशा जाळीचा भार खालचे चेअर, म्हणजे सळई वाकवून केलेले टेकू, घेतात. ते मोजणं हे इंजिनिअरचं लक्ष, कामगाराचं नव्हे.

सकाळचा टूलबॉक्स टॉक, म्हणजे कामाआधीची सुरक्षेची छोटी चर्चा, ऑफिससमोर नको, कामाच्या जागेवर घ्या. 'समझे क्या?' विचारलं की सगळे माना डोलावतात. त्याऐवजी एकाला पुढे बोलवा आणि म्हणा, आज हूक कुठे लावणार ते दाखव.