फॉरेन्सिकला यायचंय? मग न फुटलेल्या बॉम्बपासून सुरुवात करा

बीएस्सीचे निकाल लागले की ओळखीपाळखीतून फोन यायला लागतात, ताई मुलीला फॉरेन्सिक करायचंय, स्कोप आहे का, पगार किती मिळतो, पोलिसांसोबत फिरावं लागतं का. आणि बहुतेक पोरापोरींच्या डोक्यात चित्र एकच असतं. शहरात स्फोट झालाय, दुसरा कधी होईल कोणी सांगू शकत नाही, पोलीस जीव तोडून धावतायत, आणि लॅबमध्ये पांढरा कोट घातलेलं कोणीतरी मशीनमधून कागद ओढतं आणि ओरडतं, सापडला! मी स्फोटकांच्या नमुन्यांवरच काम करते, त्यामुळे सांगते की हे चित्र अगदीच खोटं नाहीये, पण ती शर्यत जिंकली जाते ती जागा वेगळी असते. म्हणून स्कोप वगैरे नंतर, आधी केसेस.

मुंबई, १२ मार्च १९९३. दुपारी दीडच्या सुमाराला स्टॉक एक्स्चेंजच्या बेसमेंटमध्ये पहिला स्फोट, मग दोनेक तासांत शहरभर एकामागून एक, २५७ माणसं गेली. आता विचार करा, एवढ्या ठिकाणी स्फोट झालेत म्हणजे पुराव्याचा डोंगर असणार ना? तर नाही. फुटलेली गाडी म्हणजे वाकलेला पत्रा, काच, माती, रक्त आणि फायर ब्रिगेडचं पाणी. तपासाला धागा मिळाला तो वरळीला बेवारस सोडलेल्या एका मारुती व्हॅनमधून, जी फुटलीच नव्हती. आत एके-५६ रायफली, हातबॉम्ब. व्हॅनचं रजिस्ट्रेशन काढलं, ते निघालं मेमन कुटुंबातल्या बाईच्या नावावर, पत्ता माहीमची अल हुसैनी बिल्डिंग. पोलीस पोचले तर घराला कुलूप, मंडळी आधीच देश सोडून गेलेली. घराची झडती घेतली त्यात एक स्कूटरची चावी मिळाली, आणि दादरला नायगाव क्रॉस रोडवर एक स्कूटर उभी होती जिच्यातला बॉम्ब फुटला नव्हता, ती चावी त्या स्कूटरला बसली. बस. आरटीओचं रजिस्टर आणि एक चावी. तिथून पुढे माणसं, मग रायगडच्या शेखाडी किनाऱ्यावर उतरवलेला आरडीएक्स, सगळं उलगडत गेलं.

मी नव्यांना ही केस सगळ्यात आधी वाचायला सांगते कारण यात लॅबची जागा नीट कळते. आरोपी लॅबने शोधला नाही, पण स्कूटरमधला माल आणि स्फोटाच्या जागेवरचा काळा थर एकाच जातीचा आहे की नाही हे सांगणारं दुसरं कोणी नसतं, आणि ते सांगता येण्यासाठी न फुटलेला नमुना हातात असणं म्हणजे लॉटरी. फुटलेल्या ठिकाणी आपल्याला मिलिग्रॅमच्याही खाली शोधत बसावं लागतं.

अमेरिकेतलं ऑस्टिन, मार्च २०१८, ही दुसरी केस. २ मार्चला एका घराच्या दारात पार्सल फुटून एक माणूस मेला. पोलिसांनी ती एकटीदुकटी घटना धरली, भलत्याच घरावर काढलेला सूड असेल, इतकंच काय मेलेला माणूसच बॉम्ब बनवत असताना तो फुटला असेल अशीही शंका घेतली गेली. १२ तारखेला अजून दोन पार्सलं फुटली, त्यात १७ वर्षांचा मुलगा गेला, आणि मग सगळ्यांना कळलं की हा एकच माणूस आहे. म्हणजे दहा दिवस गेले. १८ तारखेला रस्त्याच्या कडेला तार ताणून लावलेला बॉम्ब, २० ला फेडेक्स या कुरियर कंपनीच्या सेंटरमध्ये पार्सलं वाहणाऱ्या पट्ट्यावर फुटलेलं पार्सल, प्रत्येक वेळी पद्धत बदललेली. शेकडो एफबीआयवाले शहरात उतरलेले. आणि इथेही तेच झालं, फेडेक्सकडेच दुसरं पार्सल अख्खं मिळालं. कुरियरचं पार्सल म्हटल्यावर पावती आली, दुकान आलं, दुकानाचा सीसीटीव्ही आला, त्यात विग आणि ग्लोव्ह्ज घातलेला माणूस. बॉम्बमध्ये वापरलेल्या बॅटऱ्या सहसा न मिळणाऱ्या, त्यांची खरेदी, हार्डवेअरच्या दुकानातली खरेदी, गाडी, मोबाईलचं लोकेशन, सगळं एकमेकांवर ठेवत गेले आणि २१ च्या पहाटे राउंड रॉकच्या हॉटेलजवळ गाठला. पोलीस गाडीजवळ पोचताच त्याने गाडीतच बॉम्ब फोडून घेतला. फोनमध्ये २५ मिनिटांचं रेकॉर्डिंग होतं, बॉम्बांची माहिती दिलेली, पण कारण काय ते धड नाहीच.

यातून करिअरबद्दल काय कळतं? की या धावपळीत सगळ्यात जास्त माणसं लागतात ती स्क्रीनसमोर. आपल्याकडे पण आता सीडीआर (एखाद्या नंबरच्या कॉलची नोंद), टॉवर डंप (एका टॉवरखाली त्या वेळी असलेल्या सगळ्या मोबाईलची यादी), सीसीटीव्ही, मोबाईल एक्स्ट्रॅक्शन म्हणजे फोनमधला डेटा काढणं, यातच निम्मा तपास होतो, त्यामुळे केमिस्ट्री आवडत नसेल आणि कॉम्प्युटर जमत असेल तर डिजिटल फॉरेन्सिकला जा, त्यात खाजगी नोकऱ्याही आहेत. स्फोटकांमध्ये खाजगी जवळजवळ काही नाही, सरकारी लॅब नाहीतर संरक्षण खात्याच्या संस्था, पुण्याची एचईएमआरएल ही स्फोटकांवर संशोधन करणारी लॅब वगैरे. आणि परवाना, कारखान्याचा बॅच, विक्रीची नोंद ही बाजू बघणारी पेसो ही केंद्र सरकारची संस्था, जिचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे, तिच्याबद्दल फॉरेन्सिकच्या पोरांना माहितीच नसते, खाणीतलं जिलेटिन किंवा डिटोनेटर चोरीला गेलं की तो माल कुठून निघाला हे शोधायला तीच कागदपत्रं लागतात.

आणि एक गैरसमज आत्ताच काढून टाका. बॉम्ब निकामी करायचं काम आपलं नाही. ते बीडीडीएसचं, बॉम्ब शोधक व नाशक पथकाचं, आणि ते पोलीस असतात, आधी पोलीस भरती मग निवड मग ट्रेनिंग. एमएस्सी करून तो जड सूट घालायला मिळत नाही. बीडीडीएसने जागा सेफ म्हटल्याशिवाय आपण आत पाऊल टाकत नाही, आणि हे फक्त नियम म्हणून नाही, पहिल्या स्फोटाने जमलेल्या माणसांसाठी दुसरा ठेवलेला असतो असं कितीदा घडलेलं आहे.

आता शिक्षण, थोडक्यात. बीएस्सी केमिस्ट्री करून एमएस्सी फॉरेन्सिक हा माझ्या मते स्फोटकांसाठी सगळ्यात भक्कम रस्ता, मी तोच घेतला. बारावीनंतर थेट बीएस्सी फॉरेन्सिकही होतं, मुंबई, औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) आणि नागपूरला सरकारी न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत, गुजरातेत गांधीनगरची एनएफएसयू म्हणजे नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटी, तिचा कॅम्पस गोव्यातही आहे. पण जाहिरात आली की पात्रतेची ओळ नीट वाचा, कारण केमिस्ट्रीच्या काही पदांना नुसती फॉरेन्सिकची डिग्री चालते की नाही यावरून लोक अडकतात. फॅक्ट (फॉरेन्सिकची अभियोग्यता परीक्षा) आणि नेट (प्राध्यापकीच्या पात्रतेची) या परीक्षा देऊन ठेवा. मराठी टायपिंग शिका, हसू नका, उपयोग होतो. १ जुलै २०२४ पासून नवीन कायदा आलाय, बीएनएसएस, म्हणजे सीआरपीसीच्या जागी आलेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, तिच्या कलम १७६ मध्ये सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकवाल्याने जागेवर जायचं आहे, राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत, म्हणजे माणसं लागणार. पण भरती कधी निघेल यावर भरवसा ठेवून घरी बसू नका, सरकारी भरतीचं तुम्हाला माहितीच आहे.

लॅबमध्ये खरं काम काय? मुद्देमाल येतो. सोबत पत्र, पंचनाम्याची प्रत, सीलचा नमुना. पहिलं काम मशीन चालू करणं नाही, पहिलं काम सील बघणं. लाखेचं सील अख्खं आहे का, नमुन्याशी जुळतंय का, लेबलवर पंचांच्या सह्या आहेत का, पत्रात पाच पाकिटं लिहिलीत आणि आलीत चार असं नाही ना. मग नोंद, मग उघडणं, मग फोटो, मग ॲसिटोनने धुऊन एक अर्क आणि पाण्याने धुऊन दुसरा, कारण आरडीएक्ससारखी सेंद्रिय स्फोटकं एकात येतात आणि नायट्रेट-क्लोरेटसारखे क्षार दुसऱ्यात. मग रंगाच्या टेस्ट, टीएलसी (पातळ थरावर घटक वेगळे करायची साधी टेस्ट), आणि त्यानंतर जीसी-एमएस, आयन क्रोमॅटोग्राफी वगैरे मोठी मंडळी, म्हणजे नेमका पदार्थ ओळखणारी मशिनं. आणि तुलनेसाठी कंट्रोल सॅम्पल, म्हणजे स्फोटापासून लांबची साधी माती आणि कोरा स्वॅब (पुसून नमुना घ्यायचा बोळा). एकदा एका ठिकाणाहून ओल्या खोक्यात, साध्या किराणाच्या पिशवीत बांधून माल आलेला, कंट्रोल नाहीच, वरून रोज फोन, मॅडम रिपोर्ट कधी, साहेब विचारतायत, पुढचा स्फोट झाला तर जबाबदार कोण. त्या फोनवर शांत राहणं हे कुठल्याच सिलॅबसमध्ये नाही.

कारण घाई काय करते ते बर्मिंगहॅमला दिसलं. २१ नोव्हेंबर १९७४ ला दोन पबमध्ये स्फोट, २१ माणसं मेली, अख्खा ब्रिटन हादरलेला, आणि पोलिसांनी काही तासांतच आयर्लंडला निघालेल्या माणसांना बोटीच्या बंदरावर पकडलं. हातांची ग्रीस टेस्ट केली, ही नायट्राइटची रंगाची टेस्ट आहे, काहींची पॉझिटिव्ह आली. झालं, तज्ज्ञाने कोर्टात ठामपणे सांगितलं की यांनी नायट्रोग्लिसरीन हाताळलंय. सहा जणांना जन्मठेप. नंतर लक्षात आलं की नायट्रोसेल्युलोजने पण तसाच रंग येतो, आणि ते पत्त्यांच्या चकाकीतसुद्धा असतं, आणि ही मंडळी ट्रेनमध्ये पत्ते खेळत आलेली. मारहाणीने घेतलेले कबुलीजबाब हा वेगळाच विषय. १९९१ मध्ये सुटले, सोळा वर्षं गेली. शर्यत पोलिसांनी काही तासांत जिंकली असं वाटलं होतं, खरे बॉम्ब ठेवणारे बाहेरच राहिले. म्हणून रंग आला की लगेच फोन उचलायचा नाही, त्याला फक्त ‘असू शकतं’ म्हणायचं, खात्री मशीनवर, तीसुद्धा दुसऱ्या पद्धतीने पडताळून.

आपल्याकडचं उदाहरण जास्त झोंबतं. ११ जुलै २००६, पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट, १८० च्या वर माणसं. २०१५ मध्ये विशेष कोर्टाने १२ जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी. २१ जुलै २०२५ ला मुंबई हायकोर्टाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. कबुलीजबाब, साक्षीदार, ओळख परेड सगळ्यावर कोर्टाने ताशेरे ओढले, पण आपल्या कामाचं जे आहे ते असं, की बॉम्ब नेमका कुठल्या प्रकारचा होता हेच सिद्ध झालं नाही, आणि जप्त केलेला माल लॅबमध्ये पोचेपर्यंत नीट सीलबंद आणि नीट ताब्यात होता हेही दाखवता आलं नाही. सुप्रीम कोर्टाने तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली आहे, पुढे काय होईल ते होईल. पण ज्यांची माणसं त्या डब्यांत होती त्यांना काय सांगणार? लाख नीट लावली नव्हती? मला तर नवीन मुलांनी वर्गात स्पेक्ट्रा वाचायच्या आधी हा भाग वाचावा असं वाटतं.

कोर्टात जायचं म्हणून घाबरणारे खूप असतात. सीए रिपोर्ट, म्हणजे लॅबच्या केमिकल ॲनालायझरचा अहवाल, बऱ्याचदा तज्ज्ञाला न बोलावताही पुराव्यात घेता येतो, कायद्यात तशी सोय आहे, पण बॉम्बच्या केसमध्ये बचाव पक्ष बोलावतोच असं धरून चाला, आणि बोलावणं येतं तेव्हा तुमची बदली झालेली असते, प्रमोशन झालेलं असतं, केस डोक्यातून गेलेली असते. गेटवे आणि झवेरी बाजारचे टॅक्सी बॉम्ब २५ ऑगस्ट २००३ चे, वाचलेल्या टॅक्सीवाल्याने दिलेल्या वर्णनावरून आरोपी काही दिवसांत मिळाले, पण खालच्या कोर्टाचा निकाल २००९ ला आणि हायकोर्टाचा २०१२ ला. तेव्हा तुम्हाला वाचवतं ते तुमचं वर्कशीट, म्हणजे तपासणीची नोंद, त्या दिवशी हाताने लिहिलेलं, खाडाखोड असेल तर सही करून केलेली.

कॉलेजला असतानाच एक करा. जवळच्या सेशन्स कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसा, खुल्या कोर्टात कोणीही बसू शकतं, फोन बंद ठेवा आणि शिपायाला विचारा आज कुठे साक्ष चालू आहे. डॉक्टर किंवा पंच पिंजऱ्यात असेल तर उत्तमच. उलटतपासणी ऐकून घरी आल्यावर हे क्षेत्र अजून आवडलं तर मग ॲडमिशनचं बघू, तेव्हा फोन करा, रविवारी केलात तर बरं.