आप्पांच्या हाती वस्तरा देताना

साठी-सत्तरीतल्या माणसाला वस्तरा ओळखीचा असतो. सलूनच्या खुर्चीत मान मागे टाकून त्याने तो शेकडो वेळा गालावर फिरवून घेतलेला असतो. फक्त स्वतःच्या हातात कधी धरलेला नसतो, आणि त्या हाताला चाळीस-पन्नास वर्षं सेफ्टी रेझर दाबून ओढायची सवय असते. वडील असोत, काका असोत की सासरे, शिकवताना खरा वेळ जातो तो ही दाबायची सवय सोडवण्यात.

आधी तब्येत बघा. रक्त पातळ ठेवणारी गोळी (ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफॅरिन) चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात घालू नका. साधी चीरही बराच वेळ वाहत राहते. हाताला कंप असेल, मधुमेहाने बोटं बधिर होत असतील किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, तर वस्तरा नकोच. त्यांना कितीही हौस असली तरी इथे भिडेला बळी पडू नये.

वस्तरे दोन प्रकारचे. सलूनमधला ब्लेड बदलायचा: दुधारी ब्लेड कागदासकट मधोमध मोडायचं आणि अर्धं आत सरकवायचं. दुसरा अखंड पात्याचा, चामड्याच्या पट्ट्यावर पाजवायचा. स्वस्त आणि सोपा म्हणून सगळे पहिल्याकडे वळतात, पण तो हलका असतो आणि अर्ध्या ब्लेडचे कोपरे टोकदार असतात, त्यामुळे जरा चुकलं की लागतं. पट्टा सांभाळायची आप्पांची तयारी असेल तर 5/8 इंच रुंदीचं, गोल टोकाचं अखंड पातं घ्यावं. वजनाने ते गालावर स्थिर बसतं आणि कानाजवळ टोक खुपत नाही. मात्र दाढीसाठी धार लावून तयार असलेलंच मागा. बरेच नवे वस्तरे तसे नसतात. ब्लेडचाच घेतलात तर प्रत्येक दाढीला नवं ब्लेड, आणि ते दुसऱ्या कुणाला वापरायला द्यायचं नाही.

घरातल्या जुन्या पेटीत झोलिंगनचा (पात्यांसाठी नावाजलेलं जर्मन शहर) शिक्का असलेला वस्तरा सापडला, तर उजेडात धरून धार तपासा. धारेपर्यंत गंजाचे खड्डे गेले असतील किंवा केसाएवढा तडा असेल, तर तो आठवण म्हणूनच ठेवायचा. दारावर येणाऱ्या धारवाल्याकडे तर तो देऊच नका. त्याच्या चाकावर पातळ पातं तापतं, पोलादाचं पाणी उतरतं आणि पुढे कितीही घासलं तरी धार टिकत नाही.

पहिले तीन-चार दिवस बिनब्लेडच्या वस्तऱ्याने फेस काढायचा. अंगठा पात्याच्या मानेखाली (मान म्हणजे पातं आणि बिजागरी यांमधला बिनधारेचा भाग), तीन बोटं मानेवर, करंगळी बिजागरीमागच्या वळलेल्या शेपटीवर. पात्याची पाठ, म्हणजे धारेसमोरची जाड कड, गालापासून तिच्या जाडीच्या दुपटीएवढी वर राहिली की कोन साधारण 30 अंशांचा होतो. हात सुलटा, म्हणजे केस वाढतात त्या दिशेने, आणि एका वेळी दोन-तीन सेंटिमीटरच. याच दिवसांत एक गोष्ट नीट बघा: फेस झटकायला आप्पा वस्तरा मगाच्या काठावर आपटतात का? रेझरची ही टकटक हातात इतकी मुरलेली असते की ती त्यांच्या लक्षातही येत नाही. अखंड पातं एकदा जरी आपटलं तरी धारेचा टवका उडतो. डाव्या मनगटावर ओला नॅपकिन टाकून द्या आणि पाठ पुढे ठेवून पातं त्यावर पुसायला लावा.

खरी दाढी आंघोळीनंतर, पाठ असलेल्या खुर्चीत बसून करायची. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याला उभ्याने मान मागे टाकली की गरगरू शकतं, आणि न्हाणीघरातली फरशी ओली असते. उजेड समोरून, चेहरा मोठा दिसणारा आरसा डोळ्यांच्या रेषेत. चष्मा आणि कानातलं यंत्र काढून ठेवायचं. कवळी मात्र तोंडात राहू द्या. ती काढली की गाल आत बसतात आणि पात्याखाली खळगा तयार होतो. चामखीळ, तीळ कुठे आहेत ते फेस लावण्याआधी बोटाने चाचपायला सांगा. शनिवार किंवा अमावास्या पाळत असतील तर त्या दिवशी विषयच काढू नये.

फेस ब्रशनेच करावा, ताज्या कवडी दह्यासारखा ओलसर आणि तकतकीत. डब्यातून फसफसून येणारा फेस दिसायला भरपूर, पण पातं त्यावरून सरकत नाही.

वयाने कातडी सैल आणि पातळ झालेली असते, म्हणून निम्मं काम रिकाम्या हाताचं. त्या हाताची बोटं कोरडी हवीत. निसटत असतील तर ओल्या तुरटीवर घासून घ्यायची, मग कातडी घट्ट धरता येते. कल्ल्याजवळ कातडी वर कानाकडे ताणायची, मग पातं टेकवायचं. पहिल्या दिवशी एवढंच म्हणा, "आप्पा, आज फक्त कल्ल्याखाली दोन हात फिरवा, बाकी तुमच्या रेझरने उरका." आठवडाभर एकच गाल, मग दुसरा. खांदा आखडलेला असेल तर हात बदलायचा हट्ट नको, उजवाच समोरून आडवा नेऊन डावा गाल करता येतो.

केस ओढले जात असतील तर कोन फार चपटा आहे किंवा धार गेली आहे. कातडी खरवडल्यासारखी लाल झाली तर कोन उभा आहे किंवा दाब पडतोय. बारीक लांबट चीर पडली तर पातं केसांवर सरळ न जाता धारेच्या रेषेत, सुरी चालवावी तसं सरकलं आहे. हे एकदा तरी होतंच. गार पाणी आणि तुरटी पुरते. नाही थांबलं तर स्वच्छ कापूस पाच मिनिटं सलग दाबून धरायचा, मधे उचलून बघायचं नाही. पंधरा मिनिटांतही रक्त थांबलं नाही तर दवाखाना गाठा.

अखंड पात्याला दाढीआधी पट्ट्यावर तीस वेळा जाऊन-येऊन फिरवायचं. पट्टा ताठ ओढलेला, पाठ पुढे, धार मागे. टोकाला पोचलं की पातं पाठीवरून लोळवून उलटायचं. पट्ट्याला झोळ पडला तर धार गोल होते आणि केस ओढू लागते. काही महिन्यांनी धार लावायच्या दगडाची गरज पडेल. ते काम जाणकाराकडून करून घ्या. दाढीनंतर पातं आणि बिजागरी कोरडी पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब लावायचा. खोबरेल चिकट होतं, ते नको. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, वस्तरा न्हाणीघरात ठेवलात तर दोन दिवसांत तांबेरा धरतो.

हनुवटी आणि वरचा ओठ तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. गळा सगळ्यात शेवटी, कारण तिथे केसांची दिशा जागोजागी बदलते आणि कातडी सर्वात सैल असते. महिन्याभरात दोन्ही गाल लाल न होता साफ होऊ लागले की मगच. कंठमण्यावर सरळ पातं न्यायचं नाही. आवंढा गिळून धरायचा, कातडी बाजूला ओढून घ्यायची आणि मण्याच्या शेजारच्या सपाट जागेवर हात चालवायचा. तोवर गळ्यापुरता त्यांचा जुना रेझरच राहू द्या.