नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकात हवामानाचं काम कसं बसवून घ्यावं

‘हवामान बदलाबाबत ठोस पावले उचलावीत’ असं निवेदन मुख्याधिकाऱ्यांना दिलं की शिक्का पडतो, फोटो निघतो आणि कागद फाईलला लागतो. त्या वाक्यासाठी पैसे टाकायला लेखाशीर्षच, म्हणजे अंदाजपत्रकातलं खर्चाचं खातंच नसतं. चिपळूण असो, महाड असो की राजापूर, मागणी एका जागेची, एका कामाची आणि आकड्यांत हवी. ती नोव्हेंबरपर्यंत पोचायलाही हवी, कारण नगरपरिषदेचं अंदाजपत्रक डिसेंबरच्या सुमारास आकार घेतं आणि फेब्रुवारीत मंजूर होतं. मार्चमधलं निवेदन म्हणजे वरातीमागून घोडं.

पावसात: पाण्याची खूण

समजा, मागणी पाणी तुंबणाऱ्या जागेची आहे. पाणी जिथवर चढलं तिथे भिंतीवर तैलरंगाने रेघ मारा. बाजूला तारीख, वेळ आणि जमिनीपासूनची उंची सेंटीमीटरमध्ये लिहा. त्या दिवशीच्या भरतीची वेळ वहीत टिपायला विसरू नका, कारण सगळं निदान तिच्यावर आहे. ओहोटी असतानाही पाणी तुंबलं तर वहाळ, म्हणजे गावातला ओढा, गाळाने भरलाय किंवा रस्त्याखालून पाणी जाण्याची मोरी अपुरी आहे. पाऊस नसताना, फक्त उधाणाला पाणी आत येत असेल तर नालेसफाईचा काही उपयोग नाही. तिथे खाडीकडच्या तोंडाला उघाडी हवी, म्हणजे भरतीला बंद होणारी आणि ओहोटीला उघडणारी झडप. मुसळधार पाऊस आणि भरती एकदम आली की काय होतं ते चिपळूणने २२ जुलै २०२१ च्या महापुरात पाहिलं.

ऑक्टोबरात: गाळ मोजा

पाणी उतरल्यावर लोखंडी सळई घेऊन वहाळात उतरा. कठीण तळ लागेपर्यंत सळई गाळात दाबा आणि खोली घ्या. दर २५ मीटरवर एक नोंद पुरे. लांबी ३०० मीटर, सरासरी रुंदी ३ मीटर, गाळ अर्धा मीटर असेल तर ४५० घनमीटर गाळ काढायचा आहे. हा आकडा दिला की अभियंत्याला कामाच्या खर्चाचा अंदाज काढणं सोपं जातं, आणि ‘पाहणी करून कळवू’ म्हणणं अवघड.

काम कोणाचं?

बहुतेक निवेदनं इथेच मरतात. गावातली गटारं आणि वहाळ नगरपरिषदेचे. नदीपात्राचं काम जलसंपदा विभागाकडे. खाजणातले, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतले बांध आणि उघाड्या खारभूमी विभागाकडे. मुंबई-गोवा महामार्गाखालच्या मोऱ्या महामार्गाच्या यंत्रणेकडे. मूळ अर्ज ज्याचं काम त्याला द्या, प्रत मुख्याधिकारी आणि तहसीलदारांना. नाहीतर तुमचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत पुढचा पावसाळा गाठेल.

मग माहिती अधिकाराचा अर्ज. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो. महाराष्ट्राच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, म्हणून ‘गेल्या ३ वर्षांत अमुक वहाळाच्या सफाईवर झालेला खर्च आणि मोजमाप पुस्तिकेच्या प्रती’ एवढंच मागा. मोजमाप पुस्तिका म्हणजे झालेल्या कामाची मापं नोंदवायची सरकारी वही. ‘का केलं नाही?’ असं विचारू नका. माहिती म्हणजे असलेला कागद, खुलासा नव्हे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

निवेदन

एक पान. पहिल्या ओळीत काम आणि घनमीटर, खाली मोजमापाचा तक्ता, मागे फोटो. शेवटी ‘येत्या अंदाजपत्रकात तरतूद करून विषय सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा’ असं स्पष्ट लिहा. आवक-जावक विभागात देऊन आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोला पोच मिळत नाही. दोनशे सह्यांपेक्षा त्या आळीतल्या वीस घरांच्या, घर क्रमांकासह घेतलेल्या सह्या वजनदार ठरतात. बाजारपेठेतले व्यापारी आणि मच्छीमार सोसायटी सोबत असेल तर नगरसेवक स्वतःहून विषय उचलतात. निवडून आलेल्या नगरसेवकांऐवजी प्रशासक असेल तर थेट त्यांच्याकडे जा.

‘माझी वसुंधरा’ अभियानाचाही उपयोग करा. राज्याने २०२० मध्ये ते सुरू केलं. भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश या पंचतत्त्वांवर नगरपरिषदांना गुण मिळतात. तुमचं काम कोणत्या तत्त्वात बसतं ते निवेदनात लिहा, कार्यालयाला ती भाषा कळते. कचऱ्याचा विषय असेल तर वेंगुर्ल्याचं उदाहरण जोडा: ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस तिथल्या नगरपरिषदेने करून दाखवलाय.

एक डोळा गावाच्या विकास आराखड्यावर, म्हणजे कोणती जमीन कशासाठी वापरायची ते ठरवणाऱ्या नकाशावर ठेवा. प्रारूप जाहीर झाल्यावर हरकतींसाठी ३० दिवस मिळतात. नकाशात निळी आणि लाल पूररेषा, तसंच कांदळवन दाखवलंय का ते पाहा आणि हरकत सर्व्हे क्रमांकासह लिहा. भराव एकदा पडला की तो उपसायला कोणी येत नाही.

काम सुरू झाल्यावर

काढलेला गाळ काठावरच ढीग घालून ठेवला तर पहिल्या जोराच्या सरीला तो परत वहाळात जातो. म्हणून गाळ टाकायची जागा कामाच्या आदेशात आहे का ते आधी तपासा. ठेकेदाराचं बिल निघण्याआधी त्याच ठिकाणी, त्याच सळईने पुन्हा मोजा. मोजमाप पुस्तिका आणि प्रत्यक्ष काम दोन्हींची पाहणी मागण्याचा हक्क माहिती अधिकार कायद्यात आहे. आकडे जुळले नाहीत तर बिल थांबवण्याची लेखी मागणी त्याच दिवशी, दोन्ही तक्ते जोडून द्या.